वाजणारी फळी

चुपकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण कारखान्यात सगळे त्याला चुपकर मिस्त्रीच म्हणायचे, आणि ते नाव त्यानं कमावलेलं होतं. दार किरकिरतंय, जिना कुरकुरतोय, पलंगावर अंग टाकलं की पलंग ओरडतोय, बोलवा चुपकरला! तो यायचा, गुडघ्यांवर बसायचा, फळीला कान लावायचा आणि लाकूड नेमकं कुठं खिळ्याला घासतंय ते शोधून काढायचा. एखादी पाचर, फटीत चिमूटभर पावडर, एक स्क्रू, की आवाज गप्प. माणूसही तसाच. चार शब्दांचं काम एका शब्दात भागवणारा.

गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या घरात दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळातल्या जमिनीच्या फळ्या मात्र खुशाल वाजायच्या. घर त्याच्या वडलांच्या वेळचं. वडीलही सुतारच, पण त्यांनी त्या फळ्यांना कधी हात लावू दिला नाही. "राहू दे रे," म्हणायचे, "कोण आलं ते घराला कळायला नको?" रोज चहाच्या वेळेला ते आपल्या सुतारकामाच्या दुकानातून परत यायचे. बोळात दोनदा करकर व्हायची, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. मधल्या वेळात ते भिंतीला हात टेकून दुखरा गुडघा सावरत असायचे. तोवर आईनं कपात चहा ओतलेला असायचा.

एके दिवशी दोनदा करकर झाली आणि तिसऱ्यांदा झालीच नाही. आई बराच वेळ वाट बघत बसली. मग उठून गेली तेव्हा ते भिंतीला टेकूनच बसले होते, आणि सगळं संपलं होतं.

त्या वेळी बापलेकांचं बोलणं बंद होतं. कारण काय, तर मुलगा दुकान सोडून कारखान्यात लागला. एवढंच! पण दोघेही एका माळेचे मणी. तो म्हणायचा, आधी ते बोलू देत. ते बहुतेक म्हणत असतील, आधी तो बोलू दे. असे महिने गेले, आणि मग बोलायला माणूसच उरला नाही. चुपकरनं हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ते त्याच्या छातीत रुतलेल्या कुसळासारखं तसंच राहिलं.

पुढं काही दिवसांनी चहाच्या वेळेला बोळ पुन्हा वाजला. दोनदा. मग थांबून एकदा. बोळात कुणी नव्हतं. आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "आले." आणि तिनं दुसरा कप भरला. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. पुढं तिची दृष्टी गेली, तरी कप भरायची चुकली नाही; बोट आत घालून चहा कुठवर आला ते बघायची.

चुपकरला याचं उत्तर ठाऊक होतं. बोळाला पश्चिमेची खिडकी होती. दुपारचं ऊन फळ्यांवर यायचं, लाकूड तापायचं, सुकायचं, खिळ्याला घासायचं. विषय संपला. ढगाळ दिवशीही फळ्या वाजायच्या, पण त्या गोष्टीच्या वाटेला तो गेला नाही. आणि एवढं पक्कं उत्तर हाताशी असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी चहाच्या वेळेला घरात थांबत नसे. काहीतरी काम काढून बाहेर सटकायचा.

मग कारखाना बंद पडला. खूप लांब, पार दुसऱ्या मुलखात, दारंखिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यानं त्याला बोलावलं. नोकरी चांगली होती, नाही म्हणायची सोय नव्हती. बायको तयार झाली, लेक तर उड्याच मारायला लागली. आई म्हणाली, "तुम्ही जा. मी इथंच राहते."

"आई, तुम्हाला दिसत नाही. एकट्या कशा राहाल?" सून म्हणाली.

"एकटी कुठं? ते येतात की रोज."

"अगं पण आई..." चुपकरनं तोंड उघडलं.

"हे बघ, जिथं ते येतील असं घर मिळालं तर मी येते. नाहीतर मला हलवू नकोस. उगाच हट्ट करायचा नाही." हट्ट कोण करत होतं ते उघडच होतं, पण बोलणार कोण?

मग काय, आईला बरोबर घेऊनच सगळे घरं बघायला निघाले. तिकडच्या दलालाच्या कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा, आणि तोंडात साखर. गाडीतच त्यानं विचारलं, "माणसं किती, साहेब?"

"चार," चुपकर म्हणाला.

"पाच," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

"पाचवे कधी येणार?"

"ते चहाच्या वेळेला येतात," लेक म्हणाली. आईनं तिला चिमटा काढला. दलालानं आरशातून मागं बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

पहिलं घर कारखान्याला लागून होतं. सोयीचं म्हणावं तर सोयीचं, पण यंत्रांची घरघर भिंतीतून अंगात शिरत होती. आई मधल्या खोलीत खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "जरा गप्प बसा सगळे." सगळे गप्प बसले. दलालही बसला, बिचारा. थोड्या वेळानं ती म्हणाली, "इथं त्यांना मी ऐकू येणार नाही."

दुसरं घर नवंकोरं, चकाचक. सुनेला ते पाहताक्षणी आवडलं. ओट्यावरून हात फिरवताना तिचा चेहरा असा खुलला होता, की चुपकरला वाटलं, आई, एकदा हो म्हण गं. आईनं पावलानं फरशी चाचपली. गुळगुळीत, गार, मुकी. "छान आहे," ती म्हणाली. "पण इथं कुणी आलं काय, गेलं काय, कळायचं नाही." सुनेनं ओट्यावरचा हात काढून घेतला. तिला राग आला नसेल? आला. पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, इतकंच.

तिसरं घर गल्लीच्या टोकाला होतं, जुनं, तळघरावर फळ्यांची जमीन असलेलं. बरेच महिने बंद होतं. भिंतींवर आधीच्या लोकांच्या तसबिरींचे फिकट चौकोन राहिले होते, आणि कोपऱ्यात कुणाची तरी एकच चप्पल. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लांब, अंधारा बोळ. चुपकरची आशा जागी झाली.

"आणि जमीन बघा साहेब!" दलाल बोळात जाऊन चक्क उड्या मारायला लागला. "एक फळी वाजली तर सांगा! कसं काम केलंय!"

चुपकर मटकन खाली बसला. फळीला कान लावला. खरंच, अप्रतिम काम होतं. त्याच्यासारख्याच कुणा चुपकरानं केलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अशा कामाचा राग आला.

आई बोळात भिंतीला हात लावून उभी होती. "वाजत नाहीत रे."

"बंद घर आहे, आई. ओल धरलीये लाकडानं. माणसं राहायला लागली, घर उबेला आलं, की वाजतील."

"नक्की?"

"नक्की."

तिनं आपला चेहरा त्याच्याकडे वळवला. तिला दिसत नव्हतं, तरी त्यानं नजर चुकवली. "बरं," ती म्हणाली, "तुझ्या शब्दावर येते."

घर ठरलं. सामान यायच्या आधी चुपकर एकटाच तिथं आला. अंबुरानं खिळे उपसले, खालच्या पाचरी काढल्या, फळ्या सैल केल्या. चालून बघायचा, ऐकायचा, पुन्हा खाली बसायचा. उभं आयुष्य आवाज मारण्यात गेलेला माणूस आता एक आवाज जिवंत करायला बसला होता, आणि तो आवाज त्याच्या कानात अजून ताजा होता. काम झाल्यावर त्यानं शेवटचं एकदा चालून बघितलं. हुबेहूब! त्यानं मागं वळून पाहिलं. रिकामा बोळ. हत्यारं गोळा करून तो घाईघाईनं बाहेर पडला.

पण एक मोठीच अडचण होती. या बोळाला खिडकी नव्हती. ऊन येणार कुठून, आणि फळ्या आपोआप वाजणार कशा? तो तर चहाच्या वेळेला कारखान्यात असणार. शेवटी त्यानं बायकोला विश्वासात घेतलं.

"म्हणजे रोज मी चालायचं?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "वा! लग्न करून आले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं मला, की पुढं सासऱ्यांचं भूत व्हायचंय म्हणून!"

"दोन पावलं. मग थांबायचं, भिंतीला हात टेकायचा. मग तिसरं."

"आणि पकडली गेले तर?"

"आईला दिसत नाही."

"तेच तर पाप वाटतं," ती म्हणाली. पण चालली. पहिल्याच दिवशी आतून आवाज आला, "आले!" आणि कप भरल्याचा आवाज. परत स्वयंपाकघरात आली तेव्हा सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसापासून तिनं एकही दिवस चुकवला नाही. आई नव्या घरात रुळली, शेजारणीशी गप्पा मारायला लागली, अन्न गोड लागायला लागलं तिला.

फक्त एकदा जेवताना बायको हळूच म्हणाली, "अहो, त्या जागेवर थांबते ना मी... तेव्हा माझ्या मागंही कुणीतरी थांबतं असं वाटतं."

"मनाचे खेळ," चुपकर म्हणाला आणि ताटातलं तसंच टाकून उठला.

मग एकदा त्याला ताप आला आणि तो घरी राहिला. दुपारी बायको लेकीच्या शाळेत गेली. "वेळेवर नाही आले तर तुम्ही चाला," जाताना कुजबुजली. तो स्वयंपाकघरात आईजवळ शाल गुंडाळून बसला. आईनं चहा ठेवला. चहाची वेळ होत आली. उठायला हवं होतं, पण अंग जड झालं होतं. खरं सांगायचं तर त्याला त्या बोळात जायचंच नव्हतं. बापाचं पाऊल आपण टाकायचं? कुठल्या तोंडानं?

करकर. करकर.

त्याला वाटलं, बायको आली. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. चहा उकळत होता.

करकर.

तो उठला, बोळाचा दिवा लावला. कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती, बायको गेल्यावर त्यानंच घातलेली. लाकूड, हवा, ओल, सगळी उत्तरं एकामागोमाग त्याच्या डोक्यात आली आणि एकही टिकलं नाही. फळी आपोआप वाजते ती वाजून मोकळी होते. भिंतीला टेकून दम खायला ती थांबत नाही.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "तू ऐकलंस?"

"ऐकलं की." आई दोन्ही हातांनी कप चाचपत होती. "आज ते आले."

"आज? रोज तर..."

"रोज सूनबाई येते. अरे, इतकी वर्षं तिची पावलं ऐकतेय मी, मला कळायची नाहीत? पोर माझ्यासाठी रोज चालते. मी कशाला तिचं मन मोडू? मी म्हणते, आले." ती थांबली. "वाटलं होतं, तिकडंच राहिले ते. घर सापडायला वेळ लागला असेल बिचाऱ्यांना."

चुपकर बोळाच्या तोंडाशी उभा होता. पळून जायला दार होतं, पण त्या दाराची वाट बोळातूनच होती. कधीपासूनचं ते कुसळ छातीत एकदम हललं. आधी ते बोलू देत, आधी ते बोलू देत. पण ते तर चालत आले होते, एवढ्या लांब, त्या गुडघ्यानं. आणखी किती बोलायचं त्यांनी?

त्यानं टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि बोळाकडे तोंड करून ठेवली.

"बाबा," तो म्हणाला, "बसा ना."

आईनं खुर्चीच्या दिशेनं कान केला. दुसरा कप भरला, बोट घालून पाहिलं, आणि तिकडे सरकवला.

"बसले," ती म्हणाली. "आता तूही बस."

तो बसला.