धाकट्या जावेचा ताळेबंद

आमच्या गावात दसरा झाला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींत किती उरलंय, त्यात माणसं-जनावरं भागवून रब्बीला काय पेरायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पूर्वी हे तोंडीच चाले. मग मोबाईलवर ॲप आलं. त्यात पाऊस आणि विहिरींची पातळी भरली की कांदा किती झेपेल ते कळतं. ते शिकायला गावातून एक बाई पाठवायची ठरली, तेव्हा मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला होते. गेली माझी धाकटी जाऊ.

बी.ए. मी. ती बारावी नापास. पण दारात येणारा प्रत्येक जण तिलाच विचारायचा, "वैनी, काय म्हनतोय मोबाईल? कांदा लावू का?" मी आत चहा ठेवायचे. माझ्या हातचा चहा पिऊन माणसं तिच्या हुशारीचं कौतुक करत निघून जायची. सुप्याच्या कंपनीतून दमून आलेला दीरही बायकोकडे असा बघायचा, की माझा नुसता जळफळाट व्हायचा. आमच्या ह्यांनी मला आजवर एवढंच विचारलंय, की मीठ कुठे ठेवलंय.

मग एका वर्षी ते ॲप तोंडावर पडलं. ते जुन्या पावसाची सरासरी धरून चालायचं, आणि त्या वर्षी परतीचा पाऊस फिरकलाच नाही. हल्ली तो कसाही वागतो. तिच्या भरवशावर लावलेल्या कांद्यानं पोसायच्या आधीच माना टाकल्या. लोक तिला नाही नाही ते बोलले. ती स्वयंपाकघरात येऊन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून मला बरं वाटत होतं. आमचाही कांदा गेला होता, तरी.

आता मोबाईल ठेवून देईल, असं मला वाटलं. कसलं काय! तिनं शिकवणाऱ्यांना फोन करकरून हैराण केलं. पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली ती तीन हिशेब घेऊन. परतीचा पाऊस चांगला झाला तर, बेताचा झाला तर, आणि झालाच नाही तर. तिन्हींत तगेल तेवढी ज्वारी आणि हरभरा आत्ता पेरायचा. कांद्याचं रोप टाकून ठेवायचं, पण लागवड किती करायची ते दिवाळीनंतर विहिरी पुन्हा मोजून ठरवायचं.

सभेत गलका झाला. "एक काय ते सांगा की! पावसाचं न्हाई म्हाईत, तर मोबाईल कशाला पायजे?" ती समजावत राहिली, पण ऐकतंय कोण? तेवढ्यात एक म्हातारे बाबा माझ्याकडे वळले. "थोरल्या वैनी, तुमी शिकलेल्या. तुमाला काय वाटतं?"

ह्या प्रश्नाची मी किती वाट बघितली होती! नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी जाऊ कायमची खाली बसली असती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी तिच्या हिशेबात चूक शोधली. सापडली नाही. निदान काही वेगळं सुचावं म्हणून धडपडले. तेही सुचेना.

"ती म्हणते तसंच करा," मी म्हणाले.

लोकांनी मानलं. घरी येताना जावेनं माझा हात धरला. "ताई, तुमच्यामुळं झालं." मला तो हात झटकून टाकावासा वाटला. उभ्या आयुष्यात एकदा गावानं मला विचारलं, आणि माझ्याकडे सांगायला तिचंच उत्तर होतं.