तीनच फेऱ्या

सात रस्ता चौकात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथे मी चार वर्षं काढली. आमच्या साहेबाला जे कळायचं नाही ते तो फालतू ठरवायचा, आणि त्याला कळायचं फारच थोडं.

कंपनी डाळिंबाच्या बागांसाठी मातीतली ओल मोजणाऱ्या पेट्या बनवायची. नातेपुत्याकडच्या एका शेतकरी गटाकडे अशा सत्तर पेट्या होत्या. त्यांच्यातला प्रोग्राम बदलायचा झाला की पाण्याच्या टाकीवरच्या रेडिओवरून फाइलचे तुकडे ओळीने सोडायचे. काही तुकडे वाटेत गळायचेच. मग प्रत्येक पेटी आपला हरवलेला तुकडा परत मागायची, सगळ्या एकदम बोलायच्या आणि कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. साहेबाचा उपाय ठरलेला होता: दोघा टेक्निशियनना मोटरसायकलवर पिटाळायचं आणि पेटी उघडून केबल लावायची. एप्रिलच्या उन्हातही.

मी दुसरी पद्धत लिहिली. शोध माझा नव्हता, पुस्तकात होती. दरवेळी फाइलचे चारदोन तुकडे निवडून, एकमेकांत मिसळून एक नवा तुकडा पाठवायचा, असे कितीही. पेटीने मूळ तुकड्यांपेक्षा थोडे जास्त गोळा केले, मग ते कुठले का असेनात, की तिला पूर्ण फाइल उकलता येते. काय हरवलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

"नक्की किती तुकडे पाठवायचे?" साहेबाने विचारलं.

"आधी ठरवायचंच नाही, सर. सगळ्या पेट्यांचं पूर्ण होईपर्यंत पाठवत राहायचं."

"असं कसं? रिपोर्टला आकडा लागतो. तीन फेऱ्या लिहा."

"यात फेऱ्या नसतात."

"मग फाइलच्या तिप्पट तुकडे पाठवा आणि थांबा. त्यालाच तीन फेऱ्या म्हणू."

ज्या पद्धतीचा सगळा अर्थच मर्यादा नसण्यात होता, तिला मी मर्यादा घातली.

नातेपुत्याला गटाच्या बैठकीत साहेबाने ती पद्धत माझ्यादेखत स्वतःची म्हणून मांडली. गटाच्या सचिव एक पन्नाशीच्या बाई होत्या, स्वतः बाग करणाऱ्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"वड्याकडंच्या पेट्यांना तुमचा रेडिओ निम्मा बी ऐकू येत न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचं तीन फेऱ्यांत भागंल का?"

"ताई, ते टेक्निकल आहे."

"ते हाय की. पर भागंल का?"

चार वर्षांत त्या ऑफिसात इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबाला तो प्रश्न आहे हेही कळलं नाही. "मॅडम सांगतील," असं माझ्याकडे मान उडवून म्हणत त्याने समोरचे पोहे ओढले.

ओढ्याकडे तीनातले दोन तुकडे सहज गळत, म्हणजे तिप्पट पाठवूनही हाती जेमतेम मूळ तुकड्यांइतकेच पडणार, आणि लागायचे त्याहून थोडे जास्त. भागणार नाही हे मला माहीत होतं. "भागेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम सोडला. ओढ्याकाठच्या अकरा पेट्या अर्धवट राहिल्या. साहेबाचा फोन आला, "तुमचा कोड फेल गेला." कालपर्यंत तो त्याचा होता.

मी मर्यादेची ती ओळ काढून टाकली आणि रेडिओ चालू ठेवला. जेवणानंतर थोड्या वेळात शेवटच्या पेटीचाही निरोप आला. केबल घेऊन कुणालाच जावं लागलं नाही. मग मी बाईंना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं.

"मंग काल का न्हाय बोलला?" त्यांनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

साहेबाने रिपोर्टात लिहिलं की तीन फेऱ्यांची पद्धत पूर्ण यशस्वी झाली. त्यावर त्याची पुण्याला बढती झाली. तिथे तो यावर भाषणंही देतो असं ऐकते. त्या माणसाबद्दल मला आजही तिरस्काराशिवाय काही वाटत नाही. पण पोह्यांच्या बशीआडून माझ्याकडे ढकललेल्या त्या प्रश्नाला खोटं उत्तर मीच दिलं होतं, आणि त्यासाठी कुणी माझा हात पिरगळला नव्हता.

महिन्याभरात मी राजीनामा दिला. अनुभवाच्या दाखल्यावर साहेबाने 'आज्ञाधारक' असं लिहिलं होतं. नव्या नोकरीसाठी तो कागद लागणारच होता, म्हणून फाडला नाही.