मनगटातला भराव

माझी आई पनवेलच्या मासळी बाजारात बसते. तिथेच ती बर्फाच्या पाण्यावरून घसरली आणि उजव्या हातावर पडली. डाव्या हातातली सुरमई तिने सोडली नाही. मला फोन करणाऱ्या बाईने आधी सुरमई शाबूत असल्याचं सांगितलं, मग मनगटाचं.

एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मावशी, हाडं फार ठिसूळ झालीत. या वयात बायकांना होतं."

हा अपमान होता. जन्मभर मांदेली काट्यांसकट चावून खाल्लेल्या बाईला कुणी ठिसूळ म्हणावं? "यो दुसऱ्या कुनाचा फोटो हाय," आई म्हणाली. फोटो तिचाच होता. सुजेमुळे न निघालेली बांगडी त्यात स्पष्ट दिसत होती. ती बांगडी नंतर कापावी लागली, त्याचं तिला मनगटापेक्षा जास्त लागलं.

आमच्या बाजारात एक रीत आहे. बाई आजारी पडली की तिची मासळीची पाटी तिच्या जागेवर उपडी ठेवतात. पाटी उपडी आहे तोवर तिथे दुसरं कुणी बसत नाही. पाटी घरच्यांनी उचलून नेली की बाई आता येणार नाही, असं समजायचं. आईची पाटी खांबाजवळ उपडी होती आणि त्या जागेवर अर्ध्या बाजाराचा डोळा होता. तिच्या हाताने पुन्हा कोयता धरला नाही, तर ती पाटी मलाच उचलायला जावं लागणार होतं. मला ऑपरेशनपेक्षा त्याची धास्ती होती.

डॉक्टरांनी नीट समजावलं. हाडाचा चुरा झालाय, प्लेट लावली तरी आत पोकळी राहील. "तिथे आपण भराव टाकू," ते म्हणाले.

डॉक्टर बाहेरगावचे. खाडीकाठच्या बाईसमोर कोणता शब्द काढू नये, हे त्यांना कोण सांगणार? माझे वडील जिथे जाळं लावायचे ती खाडी भरावाखाली गेली. आता तिथे ट्रक उभे असतात. वडिलांनी होडी विकली आणि तेव्हापासून आई दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन बाजारात बसते.

"भराव नको," आई म्हणाली. "हात असाच ऱ्हाऊ दे."

मी कामोठ्यात विज्ञानाचा क्लास घेते. मी समजावायला पुढे सरसावले. हे कॅल्शियमचे दाणे आहेत, कारखान्यात बनवलेले. त्यांच्यासोबत ग्रोथ फॅक्टर असतो, म्हणजे एक प्रथिन. ते शरीरातल्या पेशींना सांगतं, इथे हाड तयार करा. एवढं ऐकून माझी क्लासमधली मुलं पेंगायला लागतात. आई पेंगली नाही. म्हणाली, "भराववाले पन आधी ग्वाडच बोलले व्हते."

मग तिने थेट डॉक्टरांनाच विचारलं, "किती पावसालं गेल्यावर बसतो तुमचा भराव? आमच्या तिकडं भरावावरच्या भिंतींना अजून तडे जातान."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हा बसत नाही. हा हळूहळू विरघळून जातो आणि त्याच्या जागी तुमचं हाड येतं. तुमच्या वयात हाड आपणहून पटकन भरत नाही, म्हणून त्यात औषध घालायचं. पण शंभर टक्के भरेलच, असं मी लिहून देणार नाही."

"भराव जातो?"

"बहुतेक सगळा."

"आन् जुनं परत येतं?"

"नवं येतं. पण तुमचंच."

आईने तो सुजलेला हात त्यांच्या टेबलावर ठेवला.

ऑपरेशननंतरचे महिने कंटाळवाणे गेले. हाडं घट्ट होण्याची इंजेक्शनं झाली, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, हातात रबरी चेंडू दाबणं झालं. चेंडूला ती रोज शिव्या घालायची. खांबाशेजारची म्हातारी मला बाजारात गाठून विचारायची, "पाटी नेतंस का गो?" मी नाही म्हणायचे आणि बाहेर येऊन रडायचे. प्रत्येक एक्स-रेत ते पांढरे दाणे थोडे पुसट दिसायचे. एकदा डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, आईचं मनगट इकडून तिकडे वळवलं आणि म्हणाले, "धरा कोयता. पण बोंबलांपासून सुरुवात करा, सुरमई इतक्यात नको."

दुसऱ्या दिवशी बाजारात बायका गोळा झाल्या. एकेकीने मनगट दाबून बघितलं.

"आत काय घातला गो?"

"भराव," आई म्हणाली.

मनगटावरची बोटं मागे झाली. त्यांच्यातल्या एकीच्याही घरी आता होडी नव्हती.

"पन यो भराव जातो," आई म्हणाली. "खालचं आपलं परत येतं."

खांबाशेजारच्या म्हातारीने तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, "ही दवा टरक भरून मिलते का गो?"

कुणी हसलं नाही. आईने हात सोडवून घेतला, पाटी सुलटी केली आणि आपल्या जागेवर बसली.