समितीपुढं गेलेलं वाक्य

आई गेल्यावर मी कामावर परत आले, त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की परदेशातून खासदार येणार आहेत.

सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यात एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं आणि दारात एक पांढरी गाडी उभी असायची. ती गाडी म्हणजेच आमचं सगळं काम. मेंढपाळांच्या बायकांसाठी फिरता दवाखाना. ही माणसं पावसाळ्यात आपल्या वस्तीवर राहतात आणि दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघतात. आज या शेतात मुक्काम, चार दिवसांनी पुढच्या. अशा बाईला दिवस गेले तर तिला तपासायचं कुणी आणि कुठं? म्हणून आम्ही फोन करून मुक्काम विचारायचो आणि तिथं जायचो. गाडीत एक सिस्टर, एक ड्रायव्हर आणि मी. गाडीचा खर्च एका परदेशी सरकारच्या मदतीतून चालायचा. त्यांना अहवाल इंग्रजीत लागायचे, ते मी लिहायचे.

"तिकडं संसदेची एक समिती आहे," सरांनी आम्हाला समजावलं. "सरकार बाहेरच्या देशांना मदत देतं, तिचं पुढं काय होतं, हे ती समिती सरकारला विचारते. त्यातले दोघं इथं बघायला येतायत. बघतील, मग तिकडं जाऊन बोलतील. आपण काही सजवायचं नाही. आहे ते दाखवायचं."

सिस्टर म्हणाली, "सजवायला हाये काय आपल्याकडं?"

खासदारांसाठी दुभाषी मीच होते. मला त्याचं बरंच वाटलं. दुसऱ्याचं बोलणं तोंडात असलं की आपल्याला काही बोलावं लागत नाही. आईच्या दिवसांत भेटायला आलेल्यांनी मला खूपदा विचारलं होतं, रडलीस का? मी रडले नव्हते. त्याचं दुःखही होत नव्हतं. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

दिवाळीच्या आधी ते आले. एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांच्यापेक्षा बरेच तरुण असे एक गृहस्थ. पिशोर मागं टाकून आम्ही डोंगराकडेच्या वस्तीवर गेलो. तिथली एक मावशी आमची जुनी ओळखीची. साठीच्या आसपासची, अंगानं काटक, कपाळावर गोंदण. आमचा फोन तीच उचलायची आणि कुठल्या बाईला काय होतंय ते तीच सांगायची. तिच्या सुनेला तेव्हा चौथा महिना लागला होता.

बाईंनी दाराबाहेर बूट काढले आणि घोंगडीवर मांडी घालून बसल्या. चहा संपवून त्यांनी सुनेला बरेच प्रश्न विचारले. ती लाजून एकेका शब्दात उत्तरं देत होती. गृहस्थ बाहेर सिस्टरकडून गाडीतलं सामान बघून आले आणि टेकून बसले. मग बाईंनी मावशीला विचारलं, "हा दवाखाना उद्या बंद झाला, तर काय होईल?"

मी मराठीत विचारलं. मावशीनं रिकामे कप बाजूला सारले. ती उगाच बोलणाऱ्यातली नव्हती.

"काय व्हईल? आधी व्हतं तसं व्हईल."

मी ते इंग्रजीत सांगितलं. दोघांनीही लिहून घेतलं. गृहस्थांचा फोन वाजला, ते उठून बाहेर गेले. बाई तिथंच होत्या. त्यांनी विचारलं, "आधी कसं होतं?"

"माझी दोन गेली," मावशी म्हणाली. "एक पोटात, एक झाल्यावर. माझी जाऊ गेली तिसऱ्या खेपंला. मुक्काम हलवायचा व्हता, थांबता येत नव्हतं. वाटंतच झालं. तिला तिथं ठिवलं आन पुढं गेलो. मेंढरं उपाशी ठिवता येत नायत."

मी तेही सांगितलं. सांगून झाल्यावर बाई मावशीकडं न बघता माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्ही ठीक आहात ना?" त्यांनी मला विचारलं. मला प्रश्न कळला नाही. मी म्हणाले, हो. गाडीत बसताना सिस्टरनं सांगितलं, "तू असं बोलत व्हतीस, जसं स्टँडवर गाडीचं अनाउन्समेंट करतेत."

समितीची बैठक थंडीत झाली. तिकडं सकाळ होती, आपल्याकडं दुपार कलली होती. इंटरनेटवर ती सगळ्यांना बघता येते, म्हणून सरांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला. सिस्टर मटार सोलत बसली होती, ड्रायव्हर दारात उभा होता. मी दोघांना मराठीत सांगत होते.

मोठ्या अर्धगोल टेबलाभोवती सदस्य बसले होते आणि समोर मदतखात्याचे अधिकारी. प्रश्न सरळ होते. हे काम त्या देशाचं सरकार का करत नाही? जो देश चंद्रावर यान पाठवतो, त्याच्या बायकांच्या बाळंतपणाला आपल्या लोकांनी हातभार का लावायचा?

"बरोबर हाये की त्यांचं," सिस्टर म्हणाली.

मलाही चूक वाटलं नाही. आपल्या पैशाचं काय झालं, हे कुणीतरी कुणालातरी असं समोर बसवून विचारावंच. सरकारी अधिकारी पाणी पीत होते, कागद चाळत होते, अडखळत होते. मी ते एखाद्या अनोळखी घरातलं भांडण बघावं तसं बघत होते.

मग तरुण गृहस्थांची पाळी आली. आपण स्वतः तिथं जाऊन आलो, असं त्यांनी सांगितलं. काम प्रामाणिक आहे, माणसं चांगली आहेत, असंही म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "पण तिथल्याच एका वयस्क महिलेला आम्ही विचारलं, हे बंद झालं तर काय होईल? ती म्हणाली, आधी होतं तसं होईल. हे तिचे शब्द आहेत. म्हणजे या लोकांची स्वतःची एक व्यवस्था आहे. आपण नसलो तरी ती चालते."

सिस्टरचे हात थांबले. "काय म्हणला तो?"

मी परत सांगितलं.

उंच बाईंनी हात वर केला. "त्या महिलेनं पुढंही काही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं. वेळ संपत आली होती. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "ते आपण लेखी द्या." बाईंनी मान हलवली आणि पुढचा विषय सुरू झाला. तो दुसऱ्याच देशातल्या एका रस्त्याचा होता.

सरांनी लॅपटॉप मिटला. कुणी कुणाला दोष दिला नाही. द्यायचा कुणाला? मावशी खरं बोलली होती. मी शब्द बदलला नव्हता. गृहस्थांनीही बदलला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "चलो, गाडी धो लेता हूँ," आणि खरंच जाऊन गाडी धुतली.

उन्हाळा लागायच्या आत मदत थांबली. गाडीवर ताडपत्री आली. ड्रायव्हरला शाळेच्या बसवर काम मिळालं. सर म्हणाले, वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामांवर, फोन करून कळवा. मी एकेकीला फोन लावत गेले. मावशीचा फोन मात्र आठवडाभर लागला नाही, आणि लागला तेव्हा सिस्टरनं माझ्या हातातून घेऊन फक्त मुक्काम विचारला. ठेवल्यावर म्हणाली, "हिला फोनवर नाय सांगायचं. तोंडानं सांगू. जाऊन येऊ."

त्यांचा मुक्काम पैठणच्या अलीकडं होता. जायकवाडीचं पाणी उतरलं की काठची जमीन उघडी पडते, तिथं हिरवळ असते. आम्ही एसटीनं गेलो, पुढं रिक्षा केली. एका शेतात मेंढरांभोवती जाळी लावलेली होती आणि बाभळीखाली संसार मांडलेला होता. मावशी आम्हाला बघून उठली. नेहमी ती आधी रस्त्याकडं बोट करून विचारायची, गाडी कुठं लावली? या वेळी तिनं ते विचारलं नाही.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

सिस्टरनं विचारलं, "सून कुठंय? दिवस भरले असतील ना?"

"झाली मोकळी. पोरगी व्हती." मावशीनं तांब्या खाली ठेवला. "दोन दिस ऱ्हायली. दूधच वढंना. तिसऱ्या दिशी गेली. फोनला चार्जिंग नव्हतं आन गाडी बी आली नाय लई दिवसात."

सिस्टर सरळ बाभळीखाली गेली. सून घोंगडीवर पडली होती. सिस्टरनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, कपाळाला हात लावला. मग मागं वळून मला म्हणाली, "रिक्षावाला गेला का बघ. गेला असल तर पळ त्याच्या मागं. हिच्या अंगात रक्त नाय."

रिक्षा अजून रस्त्यावर होती. मी पळाले. सुनेचा नवरा मेंढरांकडून आला, मावशीनं मेंढरं मुक्कामातल्या दुसऱ्या एका बाईवर सोपवली आणि आम्ही सगळे कोंबून बसून पैठणला सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टर आत डॉक्टरांशी भांडली, हात जोडले, परत भांडली. सुनेला खाट मिळाली. रक्त छत्रपती संभाजीनगरहून मागवावं लागलं.

मावशी आणि मी बाहेर बाकावर बसलो. मी तिला दवाखाना बंद झाल्याचं सांगितलं. तिनं नुसतं "व्हय" म्हटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती बाई आलती. पांढऱ्या केसाची. तिकडं सांगते म्हणली व्हती. सांगितलं का?"

"सांगितलं. तिच्याबरोबरच्या माणसानं सांगितलं. मोठ्या सभेत."

"काय म्हणला?"

"तुम्ही बोललात तेच. आधी होतं तसं होईल."

मावशीनं मान हलवली. "नाव घेतलं का माझं?"

"नाही. एक वयस्क महिला म्हणाले."

"बरं झालं." ती थोडी सैल होऊन बसली. "पर बोललं तेच सांगितलं त्यानं. पदरचं काय घातलं नाय. बरा माणूस हाये."

मला तिला सांगता आलं असतं की त्या वाक्याचा तिथं काय अर्थ लागला. मी तोंड उघडलंही. आतून एका नर्सनं नातेवाइकांना हाक मारली आणि मावशी उठून गेली. परत आल्यावर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही.

संध्याकाळी सुनेला रक्त चढवलं. मावशी तिच्या पायाशी बसली होती, तळवे चोळत. आम्ही शेवटच्या एसटीनं परत निघालो. वाटेत सिस्टर खिडकीकडं तोंड करून खूप रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात तिच्या पाठीवर आहे एवढं मला दिसत होतं.

सून वाचली. सिस्टर आता एका खाजगी हॉस्पिटलात आहे. मी एका कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. बाईंनी ते लेखी दिलं का, दिलं तर कुणी वाचलं का, हे मला कळलं नाही. मी समितीच्या वेबसाइटवर एकदा गेले होते, पण तोवर तिथं दुसरीच चौकशी चालू होती.

पहिला पाऊस पडून गेल्यावर मावशीचा फोन आला. वस्तीवर परत आलोय म्हणाली. "गाडी नाय, तर तू तरी ये."

मी पिशोरच्या बसनं गेले. माझ्याकडं औषध नव्हतं, वजनकाटा नव्हता, विचारायला प्रश्न नव्हते. सुनेनं बाजरीची भाकरी आणि दूध दिलं. ती अंगानं भरली होती. मावशी मेंढरं कातरणाऱ्यांना काहीतरी ओरडून सांगत होती. जेवण झाल्यावर मला घोंगडीवरच झोप लागली. आई गेल्यापासून दिवसा मला झोप येत नसे. उठले तेव्हा माझ्या अंगावर कुणीतरी लुगडं टाकलेलं होतं आणि शेवटची बस निघून गेली होती.

"ऱ्हा आजच्या दिस," मावशी म्हणाली.

मी राहिले.