छाती काढ वर

धनसिंग राठोड कधी काळी राष्ट्रीय स्पर्धेत सूर मारून आले, हे आमच्या गावाला ठाऊक आहे. ते शेवटचे आले, हेही ठाऊक आहे. का आले, ते मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडे निकाल पुरतो.

पुसदच्या अलीकडे त्यांचा तांडा. तांड्यातली पोरं विहिरीतच पोहायला शिकत. विहीर अरुंद, समोर दगड, खाली खडक. म्हणून बोटांना पाणी लागलं रे लागलं की छाती वर काढायची, नाहीतर टाळकं फुटायचं. काठावरची मोठी माणसं ओरडायचीच, "छाती काढ वर!" धनसिंग याच ओरडण्यावर वाढले.

१९७८ साली नागपूरच्या एका मास्तरांनी त्यांना हेरलं, राज्य स्पर्धेत उतरवलं आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेला कलकत्त्याला नेलं. हवेत धनसिंगचा सूर बघून लोक उभे राहिले. पण पाण्यात शिरताना अंग सरळ हवं, आणि यांची छाती दर वेळी आपसूक वर! मागून पाय धप्पकन आपटायचे. पंचांनी गुण कापले.

मास्तर म्हणाले, "वर्षभर खोल पाण्यात सराव कर, खोड जाईल."

पोहण्याचा खोल तलाव अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. धनसिंग परत विहिरीवर आले आणि खोड हाडात मुरली. पुढचं आयुष्य शाळेत शिपाई म्हणून गेलं. त्यांची एकच मागणी होती, "मले काई नको. एक खोल तलाव बांधा." पुढारी बदलत गेले. मान मात्र सगळ्यांनी सारखीच डोलावली.

मग नात उज्ज्वला मोठी झाली. पोरीचं अंग हवेत असं वळायचं की मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटे. धनसिंगांनी तिला विहिरीची बंदी केली. तांडा हसला. ते दर उन्हाळ्यात तिला नागपूरच्या खोल तलावावर नेत आणि उरलेलं वर्ष गवताच्या ढिगावर उड्या मारायला लावत.

"काहून विहीर नाई, दादा?" ती विचारायची.

"माह्यी खोड तुले लागन, बेटा. तलाव होऊन राह्यला ना. थांब."

तलाव खरंच मंजूर झाला. नकाशात सूर मारायला तेरा फुटांचा खोल भाग होता, तो धनसिंगांनी स्वतः बोट लावून पाहिला. गेल्या वर्षी उद्घाटन झालं. फीत त्यांच्याच हातून कापवली. तलावाला नावही त्यांचंच! भिंतीवर सूर मारणारा धनसिंग रंगवला होता, आणि त्याच्या पायाशी पाटी: 'उडी मारण्यास सक्त मनाई.'

उज्ज्वला पोहण्याचा पोशाख घालूनच आली होती. पहिला सूर तिचा, असं दादांनी कबूल केलं होतं. ती पायऱ्या उतरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. पाणी कुठंच कमरेच्या वर आलं नाही.

"अन् खोल पाणी?" धनसिंगांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना विचारलं.

"अहो, कशाला जोखीम? उद्या कोणी बुडालं तर आमच्या डोक्यावर. आता लेकरंबाळं डुंबतील मजेत."

धनसिंगांनी माईक ओढून घेतला. "माह्यं नाव पुसा तिथलं. आत्ताच्या आत्ता पुसा."

अध्यक्ष हसले. "बघा, एवढा मोठा माणूस, पण नावाचा मोह नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मला त्या टाळ्यांची किळस आली. पुन्हा माईक काही त्यांच्या हाती लागला नाही. खांद्यावर शाल मात्र पडली.

नाव अजून तसंच आहे. उज्ज्वला आता कबड्डी खेळते. बरी खेळते म्हणतात. धनसिंग बघायला जात नाहीत.