लाल शाईचा सेक्रेटरी

मी आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावलेला नाही, म्हणून इब्रामपूरच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी मीच होतो. खेळणारे पुष्कळ होते. पत्रं लिहिणारा मराठीचा मास्तर एकच!

आमचं वैर शिरगावच्या टीमशी. आणि त्या टीमचा मॅनेजर कोण? माझा सख्खा मेव्हणा उल्हास, खाणीवर ट्रक चालवणारा. (लग्न ठरवताना मुलीला भाऊ किती हे मी विचारलं होतं, ते कुठल्या टीमचे हे विचारायचं राहिलं.) सामना दर वर्षी शिरगावलाच व्हायचा, कारण उल्हासच्या मते त्यांच्याकडे 'स्टेडियम' होतं. स्टेडियम म्हणजे खाणीशेजारी सपाट केलेली जागा. तिथली धूळ अशी, की हाफटाइमपर्यंत दोन्ही टीमचे शर्ट एकाच लाल रंगाचे! आमच्या बॅकनं एकदा त्यांच्याच माणसाला इतका सुंदर पास दिला, की तो गोल मारून परत आला आणि "देव बरें करूं" असे आभार मानून याच्याशी हात मिळवून गेला.

चतुर्थीला उल्हास आमच्याकडे आला, तेव्हा मी ठणकावलं, "यंदाचा सामना आमच्याकडे!"

"खंय? कुणग्यांत?" तो हसला. "भावोजी, तें स्टेडियम न्हय, भाताचें शेत. थंय प्रेक्षक मेरेर बसतात!"

"बसू देत बांधावर. निदान शर्ट तरी ओळखू येतील."

"आनी ग्राउंड तयार नासलें जाल्यार?"

"तर जन्मभर सामना शिरगावला! आणि तिथं चुन्याच्या रेघा मी स्वतः मारीन!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "जल्मभर म्हणूं नकात हो!" पण ऐकतो कोण?

पुढं बसच्या कंडक्टरबरोबर उल्हासचं पत्र आलं. 'आमी येनार. तुमी हरनार. लाडू करून ठेवने.' मी लाल शाईनं सगळ्या चुका दुरुस्त केल्या, दहापैकी दोन गुण दिले आणि पत्र परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तेच पत्र मागच्या बाजूला उत्तर लिहून हजर. "'न'चो 'ण' केलो म्हणून बॉल गोलांत वता?"

शेत आमचंच ठरलं. आमच्याकडे पावसाळी भात कापलं की शेत महिनाभर मोकळं पडतं. मग पाटाचं पाणी सोडून त्यात वायंगण, म्हणजे दुसरं पीक घेतात. त्या मोकळ्या महिन्यातच काय ते आमचं स्टेडियम. पोरांनी रोज कामावरून येऊन धसकटं उपटली, ढेकळं फोडली, बांबूचे गोल उभे केले. मी बांधावरून सूचना केल्या.

सामन्याला आठ दिवस असताना बाबलोकाका आले. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे गावात तेच बघायचे.

"मास्तरानू, पाण्याच्या पाळयेची यादी. देवळाकडे लावूची आसा. एकदा नजर मारशात?"

नजर? मी तुटून पडलो! 'पाणि'चं 'पाणी' केलं, 'रवीवार'चा 'रविवार' केला, कागद लालभडक केला आणि खाली झोकदार सही ठोकली.

"सगळा बरोबर आसा मां?"

"काका, आता एक चूक सापडली तर नाव बदलीन!"

सामन्याच्या रविवारी दुपारी आमची टीम आमच्याच घरी जेवत होती आणि मी नवा झब्बा घालून रस्त्यावर स्वागताला उभा होतो. शिरगावचा ट्रक आला. मागे चाळीस माणसं, एक ढोल आणि बायकोनं गुपचूप शिवून दिलेला झेंडा! (कापड माझ्या धोतराचं निघालं.) सगळे मिळून वाजतगाजत शेताकडे उतरलो.

शेत नव्हतं. तळं होतं!

बांबूचे गोल गुडघाभर पाण्यात, चुन्याच्या रेघांचं ताक झालेलं, आणि बरोबर मधोमध एक बगळा. (तो तरी वेळेवर आला होता.) पाटाच्या तोंडाशी बाबलोकाका खोरं टेकून समाधानानं उभे.

"काका! हे काय केलंत?"

"यादीत आसा ताच केलंय. रविवार, दुपार, मास्तरांचो कुणगो. त्या रविवाराची वेलांटी तुमीच बारकी केलास!"

चाळीस माणसं हसली, ढोल थांबला. आमची पोरं मात्र फोड आलेले हात चोळत उभी होती. महिनाभर राबलेले ते हात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अख्खी यादी तपासली होती. वाचली मात्र नव्हती.

उल्हास आता सूड घेणार म्हणून मी मान खाली घातली. पण तो पाण्याकडे बघून म्हणाला, "भावोजी, ट्रकांत जागो आसा. चडा सगळे. उजवाड आसा तोंवर आमगेर खेळूंया."

गेलो. दोन-एकनं हरलो. त्यांचा दुसरा गोल आमच्या बॅकच्या पासवर!

तेव्हापासून शिरगावच्या मैदानावर रेघा मीच मारतो. परवाच चुन्याची बादली घेऊन वाकलो होतो, तर मागून उल्हास ओरडला, "भावोजी, रेग वांकडी वता!"

"'रेग' नव्हे रे, 'रेघ'!" मी ताठ होऊन वळलो आणि मग खाली बघितलं.

रेघ कॉर्नर सोडून थेट त्याच्या ट्रकखाली गेली होती.