मूळचे कुठले

पोरीच्या घरून, अकोल्याहून अमरावतीले येताना बायकोनं गाडीत एका माणसाशी भांडण केलं, तो आमचा सोबतचा शेवटचा प्रवास. मी कंडक्टरले दोन तिकिटं मागितली, तेवढ्यात पुढचा माणूस वळला.

"बाबाजी, आंध्रातले काय?"

माझ्याआधी बायकोच बोलली, "शेंदूरजन्याचे."

"तसं नाही, मूळचे?"

"संत्रं घेतानी कलमाचा खालचा खुंट आंबट जंबेरी लिंबाचा हाय का, इचारता काय? गोड लागलं का खाता. मंग माणसाचंच काहून इचारून राहिले?"

गाडी हसली. तो खिडकीबाहेर पाहत बसला.

मी तामिळनाडूचा. जवानीत बोअरच्या गाडीवर शेंदूरजन्याच्या बागांत बोअर मारायले आलो अन् बागवानाच्या पोरीपायी थांबलो. जन्म इथं गेला, पण जीभ वळली नाही. तोंड उघडलं का लोक अंदाज करतात. मद्रासी, केरळी, एकानं तर नेपाळी म्हटलं. उत्तर द्यायचं काम तिचं.

त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन ती गेली. पोरीनं मले आपल्या घरी अकोल्यात, जठारपेठेत आणलं. पाय एका जागी टिकत नाही. घरात बसवत नाही, बाहेर गेलो तर कोणी ना कोणी विचारतेच. गाव सांगितलं का पुढचा सवाल ठरलेला, इथं कसे थांबले? त्याचं उत्तर बायको. ते तोंडातून निघत नाही. मग मी उठतो, चहाच्या दुसऱ्या टपरीवर जातो. तिथंही तेच.

परवा जावई म्हणाला, "मामाजी, थोडे दिवस तुमच्या गावाले जाऊन या. आपल्या लोकांत बरं वाटन."

वाईट नाही बोलला. त्यानंच माझ्या भावाच्या घरी फोन लावून दिला. भावाच्या सुनेनं उचलला. मी आमच्या भाषेत बोललो, तशी ती आत सासऱ्याले ओरडली, "मामा, कोणीतरी हिंदीवाला हाय!"

भाऊ आला, रडला, "ये" म्हणाला. मी फोन जावयाच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवाल्यानं विचारलंच. म्हटलं, तामिळनाडू.

"मंग इकडं कसे?"

"बायको शेंदूरजन्याची. मागच्या महिन्यात मेली."

त्यानं चहा पुढं केला. मी रडलो, पण उठलो नाही. मग स्टँडवर जाऊन, शेंदूरजन्याले जायले वरूडच्या गाडीत बसलो अन् पोरीले फोन केला.

"बाबा, एकटे काय करसान तिथं?"

"राहीन," म्हटलं. गाडी सुटली होती.